आधी लिंक रॉड बदलून बघू

गाडीला दहा-बारा वर्षं झाली की पुढून एक आवाज यायला लागतो. मोठ्या खड्ड्यात तो ऐकू येत नाही; तिथे सगळी गाडीच ओरडत असते, त्यामुळे एकट्याची दखल कोण घेणार? तो येतो सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, वीसच्या वेगात, स्टिअरिंग सरळ असताना आणि आत कोणी बोलत नसताना. खट्-खट्-खट्. त्यावरचा पहिला घरगुती उपाय म्हणजे रेडिओचा आवाज वाढवणं. हा उपाय साधारण एक पावसाळा पुरतो. मग गाडी गॅरेजला जाते. मेकॅनिक पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो, खाली वाकून बघतो, हात पुसतो आणि म्हणतो, "साहेब, आधी लिंक रॉड बदलून बघू." लिंक रॉड बदलला जातो. आठवडाभर आवाज कमी वाटतो, कारण पैसे नुकतेच गेलेले असतात. मग लोअर आर्मचे बुश, मग टाय रॉड एंड, मग शॉकअपचं वरचं माउंटिंग असं करत करत दोन दिवाळ्या उलटतात आणि बदलण्यासारखं दुसरं काही शिल्लक राहिलेलं नसतं, म्हणून नाइलाजाने स्टिअरिंग रॅकचं नाव निघतं. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम लावताना कुणी बिघाडाचा विचार केलेला नसतो. तो किमतीने लावलेला असतो. आणि जुन्या गाडीच्या दुरुस्तीत किमतीने लावलेला क्रम हा सगळ्यात महागडा क्रम असतो. रॅक झिजला असेल तर तो लवकर, एकदाच आणि नीट बदलावा. नाहीतर आपण रॅकचे पैसे हप्त्याहप्त्याने भरतो, फक्त रॅक तेवढा मिळत नाही.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे संपतो तिथे एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते ज्या आडव्या दातेरी पोलादी दांड्यावर फिरतं, तो रॅक. आपण चक्र फिरवलं की पिनियन फिरतं, रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेले टाय रॉड चाकांना वळवतात. यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, असं वाटतं. पण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, आणि सरळ चालताना रॅकच्या मधल्या दोन-चार दातांवरच सगळा संसार असतो. जुन्या वाड्याच्या दगडी पायऱ्या मधोमध खोलगट होतात आणि कडेला टाकीचे घाव अजून ताजे दिसतात, तसा रॅकही मधेच झिजतो आणि टोकांना कोराच राहतो. इथूनच गॅरेजमधल्या सर्वांत लोकप्रिय वाक्याची, म्हणजे "थोडा टाइट करून देतो" याची फजिती सुरू होते. रॅकच्या पाठीमागे स्प्रिंगने दाबून धरलेली एक गादी असते, तिला एक नट असतो. तो आवळला की मधला ढिलेपणा जातो, खटखट थांबते आणि मेकॅनिकबद्दल आदर वाढतो. पण मधल्या झिजलेल्या दातांच्या मापाने आवळलेला रॅक टोकाच्या न झिजलेल्या दातांवर आला की अडकतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं, ते होत नाही; प्रत्येक वळणानंतर त्याला हाताने धरून परत आणावं लागतं. आधी गाडी सरळ जाताना कुरकुरत होती, आता वळल्यावर ऐकत नाही. पिनियनच्या विरुद्ध टोकाला रॅकला आधार देणारा एक प्लॅस्टिकचा बुश असतो, तो झिजला की दांडा आपल्या नळीत वर-खाली आपटतो. पेव्हर ब्लॉकवरची ती बारीक खटखट पुष्कळदा त्याचीच. आणि तो बुश कितीही नट आवळला तरी बरा होत नाही, कारण नट एका टोकाला आणि बुश दुसऱ्या टोकाला.

हे झालं सुक्या दुखण्याचं. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगला त्याशिवाय एक ओलं दुखणंही असतं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते, ती चक्र फिरवल्यावर किंचित पिळते आणि त्या पिळण्यानेच व्हॉल्व्ह उघडून तेल रॅकवरच्या पिस्टनच्या योग्य बाजूला जातं. म्हणजे आपण करंगळीने स्टिअरिंग फिरवतो तेव्हा खरे कष्ट तेल उपसत असतं. हे तेल आत राहावं म्हणून रॅकच्या दोन्ही टोकांना सील असतात, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांच्यावर घडीघडीचे रबरी बूट असतात. सील गेलं की तेल बाहेर येतं, पण लगेच जमिनीवर पडत नाही. आधी बुटात साठतं. त्यामुळे मालकाला बराच काळ एवढंच कळतं, की बॉनेटखालच्या डबीतलं तेल कमी होतंय. तो ते भरतो. पुन्हा कमी होतं. पुन्हा भरतो. काही दिवसांनी डिकीत तेलाचा डबा कायमचा राहायला येतो, जॅकच्या आणि जुन्या छत्रीच्या शेजारी. एके दिवशी बूट फुटतो आणि पार्किंगच्या फरशीवर तांबडा डाग उमटतो. मग गाडीखाली पुठ्ठा येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना पुठ्ठा दिसतो आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत "वाहनांमधून होणारी तेलगळती" दाखल होते. या टप्प्यावरसुद्धा मालकाचं ठाम मत असतं, की गाडीला विशेष काही झालेलं नाही, फक्त तेल थोडं पिते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगने, जे सुझुकीने १९८८ मध्ये जपानात सर्व्हो या छोट्या गाडीत आणलं, तेलाचा हा सगळा प्रपंच मिटवला. पण दाते आणि बुश त्यातही आहेत, त्यामुळे खटखटीचा वारसा नव्या पिढीकडेही सुखरूप पोचला आहे.

आता हे का होतं, याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे जवळजवळ अख्खी छोटी गाडी त्यावर विसावेल इतकी सौम्य टेकडी. प्रत्यक्षात ज्या गल्लीत ज्याच्या दाराशी कुत्र्याला धक्का लागला, त्याने एका रात्रीत सिमेंट आणि उरलेली खडी ओतून जे उभं केलेलं असतं, ते रुंदीला वीतभर आणि उंचीला मनाला येईल तेवढं असतं. त्यावर पुढची चाकं आपटली की हिसका टाय रॉडमधून सरळ रॅकच्या दातांवर येतो. पावसाळ्यात बुटाला बारीक चीर पडते, चिखलाचं पाणी आत जातं आणि रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे टिपके उठतात. आणि उरलेलं काम पार्किंग पूर्ण करतं. दोन खांब, त्यांच्यामध्ये दोन गाड्या, मागे कुणाची तरी ॲक्टिव्हा. अशा जागी गाडी घालताना चालक गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग टोकापर्यंत पिळतो आणि तिथेच धरून ठेवतो. पंप किंचाळतो. बाहेरून वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतो, कारण त्याला गाडी दिसते, तेलाचा दाब दिसत नाही. स्टिअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवू नका असं गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका गाडी घेतल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेली नसते. तेव्हा रॅक झिजणं हा अपघात समजायचं कारण नाही. आपल्याकडे दहा-बारा वर्षं चालून ज्या गाडीचा रॅक शाबूत आहे, तिच्या मालकाने तो रॅक बदलू नये. त्याने आपली सोसायटी बदलू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहारी माणसाकडून. तो म्हणतो, स्वस्त भाग आधी बदलून बघण्यात चूक काय? लिंक रॉडही वाजतोच ना? वाजतो. पेव्हर ब्लॉकवर लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, टाय रॉड एंड आणि रॅक हे चौघेही एकाच सुरात बोलू शकतात, आणि चालकाच्या सीटवर बसून त्यांतला कोण बोलतोय हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. पण त्यातून निष्कर्ष "स्वस्तापासून सुरुवात करा" असा निघत नाही. "आधी हात लावून बघा" असा निघतो. तपासणी साधी आहे. गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, भराभर हलवायचं. दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथे ढिलेपणा असतो तिथे बोटांना टक्कर जाणवते. लिंक रॉड या उद्योगात बोलत नाही, कारण त्याचा संबंध गाडीच्या डुलण्याशी, स्टिअरिंगच्या फिरण्याशी नव्हे. मग दोन्ही बूट दाबून बघायचे; आत तेल डुचमळलं तर सीलचा निकाल लागला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम, खर्च एका चहाचा. ते होत नाही, कारण त्याला दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस नेमका स्पेअर पार्ट आणायला गेलेला असतो, बहुधा लिंक रॉडच. यात मेकॅनिकला झोडपणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. रॅकचं नाव पहिल्याच दिवशी घेतलं तर गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातं आणि पुढच्या चौकातल्या गॅरेजमध्ये लिंक रॉड बदलून घेतं, हे त्याने अनुभवाने शिकलेलं असतं. आजार सांगितला की वैद्यच बदलायचा, ही रीत गिऱ्हाइकानेच पाडली आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो आकडे घेऊन येतो. गाडीची किंमतच किती उरली आहे? लाखभर रुपयांच्या गाडीत २०,००० चा रॅक घालायचा, म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा एका दांड्यात गेला! हा हिशेब ऐकायला चोख आहे, पण त्यात भागाकार चुकीच्या आकड्याने केला आहे. गाडीची बाजारातली किंमत विकणाऱ्याच्या कामाची. चालवणाऱ्याने विचारायचं ते हे, की हा रॅक बसवला नाही तर मला दुसरं काय घ्यावं लागेल. समजा, मजुरी आणि तेल धरून नव्या रॅकला २०,००० रुपये पडले आणि गाडी त्यावर आणखी ४०,००० किलोमीटर चालली. किलोमीटरला ५० पैसे झाले. त्याच किलोमीटरला, लिटरला शंभर रुपये आणि पंधराचं ॲव्हरेज धरलं तर, पेट्रोल साडेसहा रुपयांहून जास्त जळतं आणि त्याबद्दल कुणी कौटुंबिक बैठक बोलावत नाही. उलट नवी गाडी घ्यायची म्हटली तर आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के दराने एकरकमी वाहन करच ८८,००० रुपये होतो. म्हणजे गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधी चार रॅक आरटीओत जमा. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता साधारण साडेचौदा हजार; म्हणजे दीड हप्त्यात रॅक, मजुरी आणि वर मेकॅनिकला बक्षीस. असे साठ हप्ते आहेत. तरीही माणूस नव्या गाडीच्या पेढ्यांचा बॉक्स हसत हसत फिरवतो आणि रॅकचं बिल उशीखाली ठेवून झोपतो. कारण उघड आहे. नव्या गाडीसोबत फोटो निघतो. रॅकसोबत काढलेला फोटो अजून कुणी व्हॉट्सॲपच्या डीपीला लावल्याचं ऐकिवात नाही.

रॅकचा खर्च पुढे ढकलण्यात आपण एकटे नाही, हे मात्र मान्य करायला हवं. पॉवर स्टिअरिंगच्या जन्मापासून लोक हेच करत आले आहेत. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. पुढे तो जनरल मोटर्सकडे गेला. कंपनीला यंत्र पसंत पडलं, पण हिशेबनिसांनी खर्चाचा आकडा मांडला आणि प्रकरण बाजूला ठेवलं गेलं. थोडक्यात, जगातल्या त्या अवाढव्य कंपनीनेही "सध्या राहू दे, पुढे बघू" असंच म्हटलं, फक्त इंग्रजीत आणि कोट-टाय घालून. दरम्यान दुसऱ्या महायुद्धात अवजड लष्करी वाहनांना ते स्टिअरिंग लागलं, डेव्हिसच्या काही पेटंटांची मुदत संपली, आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इंपीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग देऊन बाजी मारली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सला कॅडिलॅकमध्ये तेच घाईघाईने आणावं लागलं. म्हणजे जो खर्च टाळला तो टळला नाही; फक्त दुसऱ्याच्या मागून करावा लागला. या गोष्टीतला नफा-तोटा कुणी मांडला आहे का, ते सोडा. पण ढकललेला खर्च परत येताना रिकाम्या हाताने येत नाही, एवढं त्यातून दिसतं. रॅकच्या बाबतीत तो सोबत काय आणतो? ढिल्या रॅकमुळे चाकांचं अलाइनमेंट टिकत नाही, टायर आतल्या कडेने खातात, आणि तेल कमी पडून कोरडा फिरलेला पंपही सुट्टीवर जातो. म्हणजे वाचवलेल्या रॅकच्या पैशांत दोन टायर आणि एक पंप.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो आणि तो चहाचा कप खाली ठेवून घेतला जातो. "आमच्या वेळी कुठे होतं तुमचं पॉवर स्टिअरिंग? आम्ही नाही का गाड्या चालवल्या?" चालवल्या, आणि त्याबद्दल त्यांच्या दंडांना नमस्कार. पण त्या गाड्या वेगळ्या होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० वजनाला साडेसहाशे किलोच्या आसपास आणि तिचे टायर बारा इंची रिंगचे, अरुंद. तिला पॉवर लागतच नव्हती. प्रीमिअर पद्मिनीत तर रॅकच नव्हता, वेगळ्या धाटणीचा स्टिअरिंग बॉक्स होता, आणि त्याला शोभेल असं मोठं चक्र होतं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा भरून रस्त्यावरून गेली, तोवर तिच्या चालकांना वेगळा व्यायाम करावा लागला असेल असं वाटत नाही. या आक्षेपाचंच धाकटं भावंड म्हणजे "पंपाचा पट्टा काढून टाका, साधं स्टिअरिंग होईल" हा सल्ला. होत नाही. साध्या स्टिअरिंगच्या गाडीत दातांचं गुणोत्तर असं ठेवलेलं असतं, की चक्र जास्त फिरवावं लागतं पण जोर कमी लागतो. पॉवरच्या गाडीत जोर तेल लावणार हे गृहीत धरून चक्राचे फेरे कमी केलेले असतात. तेल काढून घेतलं की फेरे कमीच राहतात आणि जोर सगळा आपल्या खांद्याचा. शिवाय आत उरलेलं तेल रॅक सरकताना उलटा विरोध करतं, तो वेगळाच. पट्टा काढलेली अशी गाडी चालवून झाल्यावर सल्ला देणारे काका स्वतः मात्र रिक्षाने जातात.

चौथा आक्षेप कारागिरीचा आहे आणि त्याला मान द्यायला हवा. नवा कशाला, जुनाच बांधून घेऊ. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ला आहे, कोल्हापुरात उद्यमनगर आहे. जिथे लेथवर माणूस काहीही कातून देतो तिथे एक बुश कातून घ्यायला कितीसा वेळ? वेळ खरंच लागत नाही, आणि नुसता बुश गेला असेल, दाते शाबूत असतील, तर हा मार्ग सर्वांत शहाणा आहे. नायलॉनचा नीट मापाने कातलेला बुश वर्षानुवर्षं चालतो. पण सीलच्या बाबतीत जरा थांबायला हवं. बूट फाटून गंजाचे टिपके पडलेल्या दांड्यावर नवं सील बसवलं, की तो दांडा प्रत्येक वळणाला त्या सीलवर कानशीसारखा फिरतो, आणि काही महिन्यांत डबी परत रिकामी. मग "किटच लोकल निघालं" असा निष्कर्ष निघतो, दुसरं किट येतं, पुन्हा मजुरी, पुन्हा पुठ्ठा. तेव्हा नियम सोपा: दांडा बाहेर काढून पुसावा आणि त्यावरून नख फिरवावं. नख कुठे अडकलं नाही तर किट टाका. अडकलं तर किटचे पैसे पाण्यात, म्हणजे तेलात. भंगार बाजारातल्या जुन्या रॅकबद्दल एवढंच, की ज्या गाडीतून तो निघाला ती गाडीही याच रस्त्यांवर चालली होती. स्वस्त मिळतोय म्हणून आपला झिजलेला रॅक काढून दुसऱ्याचा झिजलेला बसवण्यात बदलाचं समाधान मिळतं, फरक मिळेलच असं नाही.

रॅक बदलूनही काही लोक म्हणतात, "बदलला, पण मजा नाही आली." यात दोष बहुधा रॅकचा नसतो. जुनं, काळं पडलेलं तेल तसंच ठेवून नवा रॅक जोडला, की जुन्या पंपातला चुरा आणि जुन्या पाइपातलं रबर पहिल्याच दिवशी नव्या व्हॉल्व्हमध्ये मुक्कामाला येतं. तेल पूर्ण काढून, नळ्या धुऊन, नवीन भरून, पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे ते "चालता चालता हवा निघून जाईल" या श्रद्धेवर सोडलं जातं. दुसरी गोष्ट मध्य साधण्याची. रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून निम्म्यावर आणावा आणि मगच दांडा जोडावा. मधल्या काळात स्टिअरिंग मोकळं असताना ते कुणी गंमत म्हणून गरगर फिरवलं, तर एअरबॅगची चक्राखालची गुंडाळी तुटते आणि रॅकच्या बिलात नवी ओळ वाढते. शेवटी अलाइनमेंट. ते टाळलं तर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग तिरकं राहतं, मालक मग पुढची पाच वर्षं उजवीकडे कललेल्या चक्राने नाकासमोर जात राहतो आणि पाहुण्यांना सांगतो, "या गाडीचं असंच आहे."

इथे रॅकचा कैवार घेणाऱ्यांनीही एक गोष्ट कबूल करावी. गिऱ्हाइकाला राजी करायला "स्टिअरिंग एकदम लॉक होईल, साहेब" अशी भीती घातली जाते. गळणाऱ्या रॅकचं असं होत नाही. तेल संपलं तरी पिनियन आणि रॅक यांचा लोखंडाला लोखंडाचा संबंध तुटत नाही. गाडी जड होते, पण वळते. खरा धोका आहे तो टाय रॉडचा सांधा निसटण्याचा, आणि तो सांधा आधीच्या तपासणीत हाताला लागतो. म्हणून रॅक बदलायचा तो घाबरून नव्हे, तर हिशेबाने. हिशेबात सरकारी बाजूही येते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं. २०२१ च्या स्क्रॅप धोरणात दिल्लीसारखी अपवादाची ठिकाणं सोडली, तर खासगी गाडीचा निकाल वयावर लागत नाही, फिटनेस चाचणीवर लागतो. "इतकी जुनी गाडी, आता सरकारच नेईल" हे रॅक न बदलण्याचं कारण म्हणून ऐकवलं जातं, पण ढिलं स्टिअरिंग घेऊन चाचणीला उभं राहिलं तर सरकारला नेण्याची गरजच पडत नाही, आपणच नेऊन दिल्यासारखं होतं. चौदा वर्षांची गाडी असेल आणि पुढची पाच वर्षं काढायची असतील, तर रॅकचं काम नूतनीकरणाच्या आधी करावं. पत्रा कुजलेला असेल, इंजिन निळा धूर सोडत असेल, तर मात्र गाडी स्क्रॅपला द्यावी आणि रॅकबद्दलचा हा सगळा युक्तिवाद विसरावा. मेलेल्या गाडीत नवा रॅक घालण्याचा सल्ला मी देत नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे: नव्या रॅकची किंमत गाडी विकताना कुणी देत नाही. गिऱ्हाईक येतं, बॉनेट उघडतं, काहीतरी समजल्यासारखं आत बघतं, बंद करतं. नवीन सीट कव्हर दिसलं तर "गाडी ठेवलीय चांगली" म्हणून चार पैसे वाढवतं. रॅक नवा आहे असं सांगितलं, की त्याच्या कपाळावर आठी पडते. "का हो, बदलायची वेळ का आली? कुठे ठोकली होती का?" बिल दाखवलं तर संशय वाढतो, कारण ज्याने एवढा मोठा खर्च केला आणि तरी गाडी विकायला काढली, त्याला नक्की काहीतरी माहीत आहे, असा त्याचा कयास. म्हणजे रॅकवर खर्च केलेला रुपया बाजारात परत मिळत नाही, उलट दहा प्रश्न घेऊन येतो. हे सगळं मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? एवढंच, की रॅक ही ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्या वापराची वस्तू आहे, तिचा उपभोग दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणून ती बदलायची तर आणखी काही वर्षं आपण स्वतः चालवणार आहोत अशा वेळी बदलावी, विकायच्या आदल्या महिन्यात नव्हे. तेव्हा पुढची पाच वर्षं चालवायची असेल तर रॅक टाका, आणि येत्या दिवाळीत विकायची असेल तर सीट कव्हर.